‘बरं चाललंय ना?’ हा प्रश्न पालिकेने विचारायचा म्हणजे काय करायचं

दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय, बरं चाललंय ना?’ या चार शब्दांत किती काय सामावलेलं आहे हे विचारणाऱ्याच्याही लक्षात नसतं. तब्येत, कामधंदा, घरातली माणसं, शेजार, झोप, मुलांचं शिक्षण, सगळं त्यात येतं. सार्वजनिक धोरणाच्या चर्चांमध्ये हल्ली ‘वेलबीइंग’ हा शब्द सारखा कानावर पडतो, त्याचा अर्थ जवळजवळ एवढाच आहे. मराठीत त्याला ‘कल्याण’ म्हणतात खरं, पण कल्याण म्हटलं की डोळ्यांपुढे अनुदान, लाभार्थी आणि अर्जाचा नमुना येतो. म्हणून या लेखात मी बहुतेक ठिकाणी ‘बरं चालणं’ असंच म्हणणार आहे.

गावाचं किंवा शहराचं बरं चालावं म्हणून तिथली पालिका, पंचायत किंवा जी कोणती स्थानिक संस्था असेल ती योजना आखते, म्हणजे नेमकं काय करते? त्यात रहिवाशांना जागा कुठे असते? आणि ‘भागीदार’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते कोण?

एका बाकाची गोष्ट

पंचाहत्तरीच्या एक बाई आहेत असं समजा. घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर. गुडघे दुखतात, पण वाटेत एकदा टेकायला मिळालं तर त्या सहज जाऊन येतील. वाटेत बाक नाही. मग दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, पुढे वाचनालय सुटतं, मैत्रिणीकडे जाणं थांबतं. वर्षभराने रक्तदाब वाढलेला असतो, पाय आणखी अशक्त झालेले असतात आणि दिवसभरात बोलायला कोणी नसतं. डॉक्टर कागदावर रक्तदाब लिहितील. बाक नव्हता, याची नोंद कुठेही होणार नाही.

हा बाक बसवायचा कोणी? पदपथ रस्ते विभागाचा, बाक उद्यान विभागाचा, बसथांबा वाहतूक संस्थेचा, आजार आरोग्य खात्याचा आणि एकटेपणा कोणाचाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीची शहरं कशी असावीत यावर एक मार्गदर्शिका काढली. तीसहून अधिक शहरांमधल्या वयस्क माणसांशी बोलून ती तयार झाली होती. तिच्या यादीत बसायच्या जागा आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत. आरोग्याच्या गप्पा मारताना आपल्याला आधी रुग्णालयं आठवतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी बाक आठवतो.

रुग्णालयाबाहेरच्या गोष्टी किती जड असतात याचा एक पुरावा इंग्लंडमधला आहे. मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासगटाने २०१० मध्ये तिथल्या सरकारला अहवाल दिला. सर्वांत गरीब वस्त्यांमधली माणसं सर्वांत श्रीमंत वस्त्यांमधल्या माणसांपेक्षा सरासरी ७ वर्षं आधी मरत होती. अपंगत्व येण्याआधीची वर्षं मोजली तर हाच फरक १७ वर्षांचा भरत होता. आणि हा असा देश, जिथे सरकारी रुग्णालयात उपचाराचे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे फरकाचा मोठा भाग दुसरीकडेच तयार होतो: ओल धरणारं घर, बेभरवशाचं काम, खेळायला जागा नसलेलं बालपण, धुराचा रस्ता. यांतल्या बऱ्याच गोष्टी स्थानिक संस्थेच्या हातात असतात, नाहीतर हाकेच्या अंतरावर तरी असतात. म्हणून ही जबाबदारी तिच्याकडे येते.

काही ठिकाणी ती कायद्यानेच आली आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००८ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक परिषदेला निवडणुकीनंतर १२ महिन्यांच्या आत सार्वजनिक आरोग्य आणि कल्याणाची योजना करावी लागते आणि दर वर्षी तिचा आढावा घ्यावा लागतो. वेल्समध्ये २०१५ साली भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा झाला. न्यूझीलंडने २००२ च्या कायद्यात सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय आणि सांस्कृतिक कल्याण हे स्थानिक संस्थांचं काम असल्याचं लिहिलं, २०१२ मध्ये ते शब्द काढले आणि २०१९ मध्ये परत घातले. पालिकेने रस्ते, पाणी आणि कचरा एवढंच बघावं की माणसांचं एकूण कसं चाललंय तेही बघावं, हा वाद जुना आहे आणि सरकारं बदलली की उत्तरही बदलतं. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. रस्ता कोणासाठी बांधला हे ज्याला माहीत नाही त्याला रस्ताही नीट बांधता येत नाही.

आकडे आणि दाराआडची माहिती

योजनेची पहिली पायरी म्हणजे आत्ता काय स्थिती आहे हे समजून घेणं. इथे दोन प्रकारची माहिती लागते आणि दोन्ही एकमेकींना पूरक असतात.

लंडनमध्ये १८५४ साली सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंची सरकारी नोंद मागवली, कोण कुठे मेलं ते पाहिलं आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. तिथल्या पॅरिशच्या मंडळाने, म्हणजे त्या काळच्या स्थानिक संस्थेने, ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. हेन्री व्हाइटहेड हे नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. तो तिथल्या चर्चमधला तरुण धर्मगुरू. स्नोचं म्हणणं त्याला आधी पटलं नव्हतं, म्हणून ते खोडून काढायच्या इराद्याने तो घरोघर फिरला. त्या घरांतली माणसं त्याच्या ओळखीची होती. एकेका घरी तो पुन्हापुन्हा जात असे, कोणी काय प्यायलं, कधी आजारी पडलं हे विचारत असे. हळूहळू त्याचंच मत बदललं. साथीची सुरुवात बहुधा कुठून झाली तेही त्यानेच शोधलं: पंपालगतच्या घरातलं एक आजारी तान्हं बाळ, त्याचे धुतलेले लंगोट आणि ते पाणी ज्यात ओतलं जाई तो पंपाच्या विहिरीला अगदी चिकटून असलेला शोषखड्डा.

स्नोकडे आकडे होते, व्हाइटहेडकडे ओळख होती, दांडा काढायचा अधिकार मंडळाकडे होता. आजच्या कोणत्याही चांगल्या योजनेत हे तिघे असतात, फक्त त्यांची पदनामं लांबलचक झाली आहेत.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. संपूर्ण शहराची सरासरी फार फसवी असते. एका वस्तीत सगळं उत्तम आणि दुसरीत सगळं बिघडलेलं असेल तरी सरासरी ‘ठीक’ येते आणि कोणालाच काही करावंसं वाटत नाही. म्हणून आकडे वस्तीवार, वयवार, स्त्री-पुरुष वेगवेगळे काढावे लागतात. स्कॉटलंडच्या २०१५ च्या कायद्याने याची सोय केली आहे. संपूर्ण भागाची एक योजना करायचीच, शिवाय ज्या वस्त्यांची स्थिती इतरांपेक्षा लक्षात येण्याइतकी वाईट आहे त्यांच्यासाठी वेगळी योजना करायची.

विचारायचं कोणाला, आणि कधी

आता रहिवासी. संध्याकाळी सात वाजता सभागृहात जाहीर सभा ठेवली तर कोण येतं? ज्यांना त्या वेळी सवड आहे, माईक हातात घ्यायची भीती नाही आणि अधिकाऱ्यांची भाषा कळते, ते. पाळीतली कामगार बाई येत नाही. लहान मूल असलेली आई येत नाही. जिन्यामुळे चाकाच्या खुर्चीतला माणूस येत नाही. किशोरवयीन मुलांना तर आपण बोलवायचं असतं हेच कोणाला सुचत नाही. सभा भरली म्हणून अधिकारी खूश होतात आणि योजनेत लिहिलं जातं, ‘नागरिकांशी चर्चा करण्यात आली.’

यावर उपाय साधे आहेत, फक्त वेळखाऊ आहेत. माणसं जिथे आधीच जमतात तिथे आपण जायचं: शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर, कामाच्या जागी, प्रार्थनास्थळाबाहेर. सभेत मुलांना सांभाळायची सोय ठेवायची. ज्याचा दिवस बुडतो त्याला भरपाई द्यायची. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीस-चाळीस रहिवाशांना सगळी माहिती देऊन काही दिवस सलग विचार करायला बसवणं, हीही पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. तिची खुबी अशी की नेहमीचे बोलके आवाज बाजूला राहतात आणि कधीच न बोललेला माणूस आकडे समोर ठेवून प्रश्न विचारू लागतो.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यांत खाली लोकांना गुंडाळणं, मध्यावर माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या टोकाला निर्णयाचा अधिकारच लोकांच्या हाती देणं. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ही शिडी जुनी झालेली नाही, कारण अजूनही बहुतेक योजना मधल्या पायरीवर उभ्या राहून आपण गच्चीवर पोहोचलो असं सांगतात. मत विचारणं वाईट नाही. पण आपण फक्त मत विचारतोय, निर्णय आमचाच असेल, हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. लोकांना नकाराचा राग कमी येतो, गाजर दाखवल्याचा जास्त येतो.

वेळेचाही प्रश्न असतो. आराखडा छापून झाल्यावर ‘आपल्या सूचना कळवा’ म्हटलं तर लोक स्वल्पविराम सुचवू शकतात, दिशा नाही. लोकांना बोलवायचं तर प्रश्न ठरवायच्या वेळीच बोलवायला हवं.

भागीदार: एकाच टेबलाशी बसायची सक्ती

बाकाच्या गोष्टीत दिसलंच की एकट्या पालिकेला काहीच पूर्ण करता येत नाही. म्हणून आरोग्य यंत्रणा, पोलीस, शाळा, अग्निशमन दल, स्वयंसेवी संस्था, मालक-कामगारांच्या संघटना असे सगळे लागतात. वेल्सच्या कायद्याने प्रत्येक स्थानिक क्षेत्रात एक सार्वजनिक सेवा मंडळ बसवलं. त्यात चार सदस्य अनिवार्य आहेत: स्थानिक परिषद, आरोग्य मंडळ, अग्निशमन यंत्रणा आणि निसर्गसंपदा सांभाळणारी राष्ट्रीय संस्था. पोलीस आणि स्वयंसेवी क्षेत्राला निमंत्रण द्यावं लागतं. नद्या-जंगलं बघणारी संस्था आणि आग विझवणारे लोक आरोग्याच्या टेबलाशी कशाला, असं वाटेल. पण पूर, धूर, मोडकळीला आलेली घरं, एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरातली जुनी वायरिंग यांची पहिली खबर त्यांनाच असते.

टेबलाशी बसवणं सोपं, खिशात हात घालायला लावणं कठीण. याचं कारण माणसांच्या वाईटपणात शोधू नये, हिशेबाच्या रचनेत शोधावं. पालिकेने बाक बसवला, दिवे लावले, पदपथ सपाट केला तर वृद्धांचं घसरून पडणं कमी होतं आणि हाडं कमी मोडतात. खर्च पालिकेच्या वहीत पडतो आणि बचत रुग्णालयाच्या वहीत दिसते. तीही चार-पाच वर्षांनी. दोन्ही वह्या एकत्र बघणारं कोणी नसेल तर बाक बसत नाही. भागीदारीचं खरं काम म्हणजे या वह्या एकमेकांना दाखवणं, आणि माझ्या मते हे काम सहीसमारंभाच्या फोटोत कधीच दिसत नाही.

फिनलंडमधला उत्तर करेलिया प्रांत हे मला या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण वाटतं. १९७० च्या सुमारास तिथे हृदयविकाराने ऐन उमेदीतले पुरुष मरत होते, जगात सर्वांत जास्त म्हणावं इतक्या प्रमाणात. १९७१ मध्ये प्रांतातल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. माणसांना ‘लोणी कमी खा, सिगरेट सोडा’ एवढं सांगून तो थांबला नाही. गृहिणींच्या ‘मार्था’ संघटनेने गावोगाव संध्याकाळी स्वयंपाकाचे मेळावे भरवले. लोक नेहमीचेच पदार्थ कमी मिठाचे, कमी चरबीचे आणि जास्त भाज्यांचे करून एकत्र जेवत. सॉसेज बनवणाऱ्या स्थानिक कारखान्यालाही चरबी कमी करायला राजी केलं गेलं.

अडचण आली ती पोटापाण्याची. प्रांत दुधा-लोण्यावर जगणारा. लोणी वाईट म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणं. तेव्हा या थंड प्रदेशात चांगल्या येणाऱ्या बेरींच्या लागवडीकडे शेतकऱ्यांना वळवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. आरोग्याची योजना शेतीची योजना झाली ती अशी. पुढच्या साधारण पस्तीस वर्षांत तिथल्या ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. उरलेल्या फिनलंडमध्येही घट मोठी झाली, कारण पहिल्या पाच वर्षांनंतर हे काम देशभर नेलं गेलं.

पैसे कुठे आहेत

योजना वाचताना मी उद्दिष्टांचं पान भरभर उलटतो. ‘सर्वांसाठी निरोगी, सुरक्षित आणि आनंदी जीवन’ याला विरोध कोण करणार? खरा निर्णय अंदाजपत्रकात असतो.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये लोकसहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. शहराच्या गुंतवणुकीचे पैसे कुठे खर्चायचे हे वस्तीसभांमधून ठरू लागलं. वाटप फक्त आरडाओरडीवर नव्हतं. त्या भागात सोयीची किती कमतरता आहे, लोकसंख्या किती आणि लोकांनी कशाला पहिला क्रम दिला, याला गुण देऊन हिशेब व्हायचा. सांडपाणी आणि पाण्याच्या जोडण्या सुमारे पाऊणशे टक्के घरांपर्यंत होत्या, त्या १९९० च्या दशकाअखेर जवळजवळ सगळ्या घरांपर्यंत पोहोचल्या. नंतरच्या काळात तिथली प्रक्रिया मंदावली, पण कल्पना जगभर पसरली. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम काढली तेव्हा राज्याच्या नियोजन निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचा निर्णय आधी जाहीर केला आणि मग लोकांना ग्रामसभेत बोलावलं. पैसे आधी आणि चर्चा मागून. माणसं मोठ्या संख्येने आली यात नवल नाही, कारण त्या बैठकीला वजन होतं.

पोर्तो अलेग्रीतली आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिची चर्चा कमी होते. वर्षाच्या सुरुवातीची पहिली सभा नव्या मागण्यांची नसे. तिच्यात प्रशासन मागच्या वर्षी ठरलेल्या कामांचा हिशेब द्यायचं: हे झालं, हे अर्धवट आहे, हे झालं नाही आणि का झालं नाही. लोक समोर बसलेले.

परत येऊन सांगणं

बऱ्याच योजना इथेच मरतात. लोकांना विचारलं जातं, कागदाचे गठ्ठे भरतात, आणि नंतर शांतता. आपण सांगितलेल्याचं काय झालं हे कळलं नाही की माणूस पुढच्या वेळी येत नाही. मग ‘लोकांना रसच नाही’ असं म्हटलं जातं. लोकांना रस होता, त्यांना उत्तर मिळालं नाही एवढंच.

उत्तर ‘नाही’ असलं तरी चालतं. ‘तुम्ही पादचारी पूल मागितलात, एवढे पैसे नाहीत, त्याऐवजी सिग्नलची वेळ वाढवली आहे’ हे ऐकून माणूस चिडेल, पण संबंध तुटणार नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात याची तरतूदच आहे. एखाद्या स्थानिक गटाने एखादी सेवा सुधारण्याच्या कामात सहभागी करून घ्या अशी लेखी मागणी केली, तर संस्थेला ती सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. आणि प्रक्रिया संपल्यावर त्या गटाच्या सहभागाने निकालात काय आणि कितपत फरक पडला, ते अहवालात प्रसिद्ध करावं लागतं.

मोजमापाची अडचण मात्र खरी आहे. बरं चालणं हळू बदलतं आणि निवडणूक लवकर येते. पालिकेने केलेल्या कामाने एकटेपणा कमी झाला की इतर कशाने, हे सांगणं अवघड असतं. म्हणून शहाण्या योजना दोन पातळ्यांवर मोजतात. वर्षभरात काय केलं ते एकीकडे: बाक किती बसले, किती अंतरावर, वापरात आहेत का. आणि पाच-दहा वर्षांत काय बदललं ते दुसरीकडे: किती वृद्ध आठवड्यातून निदान तीनदा घराबाहेर पडतात. करेलियात दर पाच वर्षांनी तेच प्रश्न आणि त्याच तपासण्या पुन्हा केल्या गेल्या, म्हणून बदल दाखवता आला. दर नव्या योजनेत नवे निर्देशांक काढले तर सगळं नेहमीच नवं दिसतं आणि कशाचीच तुलना होत नाही.

तुमच्या भागातल्या अशा बैठकीला गेलात तर नव्या मागण्यांची यादी खिशातून काढण्याआधी मागच्या योजनेची प्रत मागा. तिच्यात तुमच्या रस्त्याशी संबंधित एखादी ओळ शोधा. त्या ओळीसमोर कोणत्या विभागाचं नाव आहे, किती रक्कम आहे आणि कोणती तारीख आहे, हे व्यासपीठावरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि त्या पंचाहत्तरीच्या बाईंना सोबत घेऊन जा. मध्ये एकदा टेकायला लागलं तर लागू दे.